टू-इन-वन लॅपटॉप घेऊ का? ब्रह्मपुरीच्या नव्या उद्योजकासाठी खरेदीआधीचा हिशेब



"सर, तो मागे पूर्ण वळतो तो लॅपटॉप घेऊ, की साधा घेऊ?" ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, आरमोरी या पट्ट्यातल्या आपल्या मुलामुलींकडून हा प्रश्न आता हमखास येतो. व्हिडिओत बिजागरी, पेन, स्क्रीन हे सगळं हातात धरून दाखवलं आहे. पण पैशाचा हिशेब व्हिडिओत नीट सांगता येत नाही, तो कागदावरच बरा. म्हणून हा लेख.

मधल्या किमतीचा टू-इन-वन म्हणजे साधारण साठ ते पंच्याऐंशी हजार रुपये. आपल्याकडे हे पैसे कुठून येतात ते सगळ्यांना माहीत आहे. काही धानाच्या चुकाऱ्यातून, काही आईने बचत गटातून उचललेले, उरलेले हप्त्यावर. नव्या धंद्यात हा बऱ्याचदा सगळ्यात मोठा एकरकमी खर्च असतो, आणि निवड चुकली तर पुढची तीन-चार वर्षं त्याच मशीनवर काढावी लागतात. त्यामुळे दुकानदाराने स्क्रीन गर्रकन फिरवून दाखवली आणि आपण खिशात हात घातला, असं व्हायला नको.

जास्तीचे पैसे कशाचे जातात

आधी नाव समजून घेऊ. टू-इन-वन किंवा कन्व्हर्टिबल म्हणजे जो लॅपटॉपसारखा उघडतो आणि ३६० अंश मागे दुमडला की टॅब्लेट होतो. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या सोबत लेनोवोने 'योगा' बाजारात आणला, तेव्हापासून ही बिजागरी लोकांच्या ओळखीची झाली. आज एचपीचा एक्स३६०, डेलचा इन्स्पिरॉन टू-इन-वन, एसरचा स्पिन हे त्याच घराण्यातले. दुसरा प्रकार म्हणजे कीबोर्ड पूर्ण सुटा होणारा, मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारखा. तो हलका असतो, पण मांडीवर ठेवून टाईप करायला डुगडुगतो. या लेखात आपण पहिल्या प्रकाराबद्दलच बोलू, कारण साठ-सत्तर हजारात तोच जास्त मिळतो.

तेवढ्याच ताकदीच्या साध्या लॅपटॉपपेक्षा टू-इन-वन महाग पडतो. जादा पैसे जातात बिजागरीत, टचच्या काचेत, पेन ओळखणाऱ्या थरात आणि त्या सगळ्याला पेलणाऱ्या मजबूत बॉडीत. आता ही गोष्ट उलटी करून बघा. किंमत तीच ठेवली, तर टू-इन-वनमध्ये कंपनी कुठेतरी हात आखडता घेणार. बहुतेक वेळा रॅम कमी मिळते, स्क्रीनचे रंग फिके असतात, किंवा प्रोसेसर एक पिढी मागचा असतो. म्हणजे वळण्याची किंमत तुम्ही दोनदा देता, एकदा रुपयांत आणि एकदा ताकदीत.

मग ती द्यायची कधी? ज्या धंद्यात स्क्रीन रोज पलटते, त्यात. तुमच्या धंद्यात ती पलटते का, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पण आपल्या भागातले काही धंदे घेऊन बघू.

शिकवणीचे क्लास. ब्रह्मपुरी शिक्षणाचं गाव म्हणून ओळखलं जातं, आजूबाजूच्या तालुक्यांतली मुलं इथे खोल्या करून राहतात. गणित किंवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला पेनने स्क्रीनवर लिहायचं, तेच प्रोजेक्टरवर दाखवायचं, तेच रेकॉर्ड करून गैरहजर मुलांना पाठवायचं. इथे पेन रोज चार-चार तास चालतो. टू-इन-वनचे पैसे सगळ्यात लवकर वसूल होतात ते या धंद्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, डिझाईन. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की पोस्टर, पत्रकं, फ्लेक्स यांची गर्दी. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि म्हणतं, "हिरोचा फोटो जरा मोठा करा नं भाऊ, अन् मंडळाचं नाव वर घ्या." अशा वेळी स्क्रीन तंबूसारखी उभी करून त्याच्याकडे वळवली, पेनने तिथल्या तिथे खूण केली, तर काम एका बैठकीत पक्कं होतं. ब्लाऊज-बुटीक, मॉड्युलर किचन, फर्निचर यांचंही असंच.

आता उलट बाजू. आपले सरकार सेवा केंद्र, टॅली आणि जीएसटीची कामं, किराणा, धानाची दलाली, राईस मिलचा हिशेब. यात स्क्रीन दिवसातून एकदाही पलटत नाही. इथे हवा असतो दणकट कीबोर्ड, आकड्यांची वेगळी पट्टी (ती १४ इंची टू-इन-वनमध्ये सहसा नसतेच), प्रिंटर-स्कॅनर लावायला भरपूर पोर्ट. सेवा केंद्र एकाच जागी असेल तर मी तर म्हणेन डेस्कटॉप आणि चांगला यूपीएस घ्या. विमा किंवा म्युच्युअल फंडाचं काम करणारे मधल्या जागी येतात. त्यांना गावोगाव फिरून तक्ते दाखवायचे असतात, पण त्याला साधा अँड्रॉइड टॅब्लेट पुरतो. लग्नाची फोटोग्राफी आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये. त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि अस्सल रंगांची स्क्रीन लागते, आणि या किमतीत ते साध्या लॅपटॉपमध्येच मिळतं.

अजूनही ठरत नसेल तर एक सोपं काम करा. खिशात छोटी वही ठेवा. पंधरा दिवस, जेव्हा जेव्हा वाटेल की "आत्ता स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवता आली असती" किंवा "हे हाताने लिहून दाखवलं असतं", तेव्हा एक रेघ ओढा. पंधरा दिवसांत पाच रेघा झाल्या तर साधा लॅपटॉप घ्या. पन्नास झाल्या तर पुढे वाचा.

रुपयांत सांगायचं तर, समजा टू-इन-वनसाठी तुम्ही पंधरा हजार जादा देताय आणि तो चार वर्षं वापरणार आहात. १५,००० भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला साधारण ३१३ रुपये. फ्लेक्सवाल्याला महिन्यात एक जादा काम यामुळे पक्कं झालं तर हा खर्च निघाला. सेवा केंद्रवाल्याला तो कशातूनही निघत नाही. आणि एक मधला रस्ताही आहे, तो दुकानदार स्वतःहून सांगत नाही. साधा लॅपटॉप आणि त्याला यूएसबीने जोडायचा पेन टॅब्लेट. हुईऑन, एक्सपी-पेन, वॅकॉम यांचे सुरुवातीचे मॉडेल काही हजारांत मिळतात. सवय व्हायला आठवडाभर लागतो, कारण हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर. पण घरून ऑनलाईन शिकवणाऱ्यासाठी हा उत्तम पर्याय आहे.

दुकानात गेल्यावर

ब्रह्मपुरीत प्रत्येक मॉडेल उघडं ठेवलेलं मिळेलच असं नाही. बरेच जण उमरेडमार्गे नागपूरला, सीताबर्डीला जातात. सुमारे १२० किलोमीटर जायचं, परत यायचं, म्हणजे एकाच फेरीत सगळं तपासून व्हायला हवं. दुपारची गर्दी टाळून सकाळी दुकान उघडल्यावर जा. घरून एक पेनड्राइव्ह न्या, त्यात तुमच्या धंद्याच्या खऱ्या फाईल टाका: मोठं एक्सेल, एखादं पोस्टर, मराठीतलं पत्र, पीडीएफ. आणि जी यंत्रं तुम्ही रोज लावता त्यांची नावं कागदावर लिहून न्या.

पहिली गोष्ट बिजागरी. स्क्रीन एका बोटाने उघडून बघा, खालचा भाग वर उचलला जायला नको. ९० अंशांवर ठेवून वरच्या कडेला टिचकी मारा. स्क्रीन थरथरत राहिली तर टच वापरताना रोज तेच होणार आहे. पूर्ण मागे दुमडल्यावर दोन्ही कडा एकमेकींवर नीट बसतात का, मधे एका बाजूला जास्त फट आहे का, ते डोळ्याच्या रेषेत धरून बघा. दुमडलेल्या अवस्थेत मागच्या बटणांवर बोटं दाबा, काही टाईप व्हायला नको. मग आडवा-उभा फिरवा, चित्र लगेच फिरतं का बघा. हे आठ-दहा वेळा करा. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू द्या.

मग वजन. कागदावर दीड किलो हा आकडा हलका वाटतो. दीड किलो तांदळाची पिशवी घरी तोलून बघा, आणि ती डाव्या हाताच्या तळव्यावर पाच मिनिटं धरून उजव्या हाताने सही करा. टू-इन-वन टॅब्लेट झाला तरी तो पाचशे ग्रॅमचा टॅब्लेट होत नाही. बांधीवर उभं राहून शेतकऱ्याची माहिती भरायची असेल तर हा हात दुखवणारा प्रकार आहे. टेबलावर किंवा मांडीवर ठेवून वापरायचा असेल तर काही अडचण नाही.

पेनवर जरा थांबतो, कारण फसगत जास्त इथेच होते. जाहिरातीतल्या फोटोत पेन असतो, डब्यात तो असेलच असं नाही. बिल होण्याआधी विचारा. 'टचस्क्रीन आहे' आणि 'पेन चालतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रबरी टोकाचा शंभर-दोनशेचा पेन कुठल्याही टचवर चालतो, पण तो म्हणजे जाड बोटच. खरा ॲक्टिव्ह पेन दाब ओळखतो आणि तळहात स्क्रीनवर टेकला तरी गोंधळत नाही. त्यातही वेगवेगळ्या पद्धती आहेत. मायक्रोसॉफ्टची वेगळी, वॅकॉमची वेगळी, म्हणून एका कंपनीचा पेन दुसऱ्याच्या स्क्रीनवर चालेलच याची खात्री नाही. पेन वेगळा घ्यायचा असेल तर त्याच मॉडेलवर लिहून बघितल्याशिवाय घेऊ नका.

लिहून काय बघायचं? बारीक अक्षरात 'श्री', 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्हस्व' लिहा. मराठीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं पेनची परीक्षा घेतात. मग पट्टी ठेवून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. स्वस्त स्क्रीनवर ती सरळ न येता लहरी मारते. गणिताच्या मास्तरांनी आणि डिझाईनवाल्यांनी ही रेघ ओढल्याशिवाय दुकान सोडू नये. तळहात पूर्ण टेकवून चार ओळी लिहा, मधेच नको तिथे ठिपके उमटतात का बघा. शेवटी पेनची बॅटरी. काही पेनांना 'चार ए' आकाराचा बारीक सेल लागतो. घड्याळात आणि रिमोटमध्ये घालतो तो नव्हे, त्याहून बारीक. आपल्या गावात तो शोधत फिरावं लागेल. टाईप-सीवर चार्ज होणारा पेन बरा. आणि पेन ठेवायची जागा बॉडीतच असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर पोरं महिन्याभरात हरवतात.

स्क्रीन दुकानाच्या आत चकचकीत दिसते, म्हणून ती दारापर्यंत, उजेडात न्या. टच स्क्रीनवर काच असते, ती आरशासारखी चमकते. प्रकाशाचा आकडा 'निट्स'मध्ये देतात. २५० म्हणजे फक्त घरात चालेल, ३०० ठीक, ४०० असेल तर दुकानाच्या दर्शनी भागात बसूनही काम करता येईल. रंगांचं काम असेल तर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेली स्क्रीन घेऊ नका, तिच्यावर लाल रंग विटकरी दिसतो आणि छापून आल्यावर गिऱ्हाईक भांडतं. '१०० टक्के एसआरजीबी' शोधा. आकाराचं प्रमाण १६:१० असेल तर १६:९ पेक्षा चांगलं. एक्सेलच्या चार ओळी जास्त दिसतात आणि उभी धरल्यावर स्क्रीन विचित्र लांबट वाटत नाही.

आतलं इंजिन

"आय फाईव्ह आहे साहेब" एवढ्यावर मान डोलावू नका. पूर्ण नंबर लिहून घ्या. एकच उदाहरण देतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात दहाचा फरक. पहिल्यात चार कोअर आणि जुनी झेन २ रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३. दोन्हींच्या डब्यावर 'रायझन ५, ७००० मालिका' असंच लिहिलेलं. मोबाईलवर तो पूर्ण नंबर शोधून कोअर किती आणि कुठल्या वर्षीचा, हे दोन मिनिटांत कळतं.

रॅम १६ जीबी घ्या. पातळ टू-इन-वनमध्ये ती बहुतेक वेळा मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीवाला स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला, तर क्रोमचे दहा टॅब, व्हॉट्सॲप वेब आणि एक्सेल एकत्र उघडल्यावर तो मान टाकतो, आणि मग काही करता येत नाही. एसएसडी मात्र बऱ्याच मॉडेलांत बदलता येते, त्यामुळे ५१२ वर भागत असेल तर एक टीबीसाठी आत्ता पैसे घालू नका.

आता एक नवा धोका. बाजारात स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आले आहेत. बॅटरी भरपूर चालते, गरम कमी होतात, आणि नेहमीचे प्रोग्राम बरेचसे चालतातही. अडचण येते ड्रायव्हरची. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, जुना प्रिंटर, पासबुक प्रिंटर, मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचं डोंगल, या प्रत्येकाला त्या प्रोसेसरसाठी खास बनवलेला ड्रायव्हर लागतो. तो कंपनीने काढला नसेल तर यंत्र चालतच नाही, दुसरी काही युक्ती नाही. आधार पडताळणी किंवा ई-टेंडरचं काम करणाऱ्यांनी इंटेल किंवा एएमडीच घ्यावा. क्रोमबुकचे टू-इन-वनही स्वस्त दिसतात, पण त्यावर विंडोजची टॅली बसत नाही. म्हणूनच म्हटलं, यंत्रांची यादी कागदावर न्या. शक्य असेल तर टोकन किंवा अंगठ्याचं मशीनच पिशवीत टाका आणि लावून बघा. जाता जाता चौकोनी यूएसबी पोर्ट किती आहेत ते मोजा. काही पातळ मॉडेलांत फक्त टाईप-सी असतात, मग हबचा खर्च वेगळा.

ऊन, वीज आणि धूळ

हा भाग परदेशी परीक्षणांत तुम्हाला सापडणार नाही. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतही सहसा नसतो.

मे महिन्यात विदर्भातल्या सर्वांत तापलेल्या गावांत ब्रह्मपुरीचं नाव असतं. पारा ४५ च्या पुढे जातो. आणि बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वापरण्याचं तापमान ५ ते ३५ अंश. म्हणजे टिनाच्या छताखालच्या दुकानात दुपारी बाराला तुम्ही कंपनीने सांगितलेल्या हद्दीच्या बाहेर काम करत आहात. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, "लॅपटॉप हँग होते."

टू-इन-वनला ही झळ जास्त लागते. बॉडी पातळ, पंखा लहान, आणि टॅब्लेटसारखा दुमडून गादीवर किंवा मांडीवर ठेवला की हवेच्या खिडक्या झाकल्या जातात. दुकानात तळाशी आणि बिजागरीजवळ या खिडक्या कुठे आहेत ते बघा, आणि दुमडल्यावर त्या मोकळ्या राहतात का तेही. अर्धा तास यूट्यूबचा व्हिडिओ चालू ठेवून सोबत एक्सेल हलवत राहा, मग कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर हात ठेवा. एसीच्या दुकानात चटका बसत असेल तर तुमच्या दुकानात काय होईल याचा अंदाज येईल.

उष्णतेचा खरा मार बसतो बॅटरीला. लिथियम बॅटरी गरम जागी, शंभर टक्के भरलेली, सतत चार्जरवर राहिली की लवकर थकते. बऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. घ्याल त्या मॉडेलमध्ये ती आहे का विचारा, आणि उन्हाळ्यात चालू ठेवा. गाडीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवून तहसीलच्या कामाला जाऊ नका. कूलरचा झोत थेट अंगावर येईल तिथे टेबलही लावू नका, त्यासोबत पाण्याचे बारीक थेंब उडतात.

बॅटरी किती तास चालेल याचा कंपनीचा आकडा बाजूला ठेवा. 'वॉट-अवर' किती ते विचारा. ५० वॉट-अवरची बॅटरी असेल आणि साध्या कामात लॅपटॉप ८ वॉट खात असेल, तर सहा तासांच्या थोडं वर. स्क्रीनचा उजेड पूर्ण केला, व्हिडिओ कॉल लावला, तर खर्च दुप्पट होऊन तीन तास. वीज गेल्यावर तीन तास काढायचे असतील तर एवढी बॅटरी पुरे. चार्जर टाईप-सी असेल तर आणखी बरं, तेवढ्याच वॉटच्या पॉवरबँकेवर किंवा गाडीतल्या चार्जरवरही भागतं.

धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रारही आपल्याकडे फार ऐकू येते. बहुधा बोर्डाला अर्थिंग नसतं किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या खोक्यात घुसवलेला असतो. लॅपटॉप बदलून हे जाणार नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. राईस मिलजवळ दुकान असेल तर तुसाची बारीक धूळ पंख्यात जमते. वर्षातून एकदा उघडून साफ करायला लागेल, त्यामुळे मागचं झाकण साध्या स्क्रूचं आहे का, तेही विचारून ठेवा.

सर्व्हिस, बिल आणि हप्ता

वॉरंटीच्या कागदावर 'ऑनसाईट' लिहिलेलं असतं, म्हणजे माणूस तुमच्या दारी येणार. पण ते पिनकोडवर ठरतं. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा, ४४१२०६ हा पिनकोड सांगा, आणि विचारा: माणूस येईल की मशीन नागपूरला आणून द्यावं लागेल? गडचिरोलीकडच्या आतल्या गावांतल्या मंडळींनी तर हा फोन आधी आणि दुकानाची पायरी नंतर. दुसरा फोन सर्व्हिस सेंटरला: या मॉडेलची टच स्क्रीन फुटली तर बदलायला किती? टू-इन-वनमध्ये काच आणि पॅनल बहुतेक वेळा एकत्रच बदलावं लागतं, म्हणून साध्या लॅपटॉपपेक्षा हा खर्च बराच जास्त असतो. पडणं, फुटणं नेहमीच्या वॉरंटीत येत नाही. बिजागरी तुटली तर तेही 'फिजिकल डॅमेज' म्हणून अंगावर टाकायचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून रोज ने-आण करणाऱ्याने ॲक्सिडेंटल डॅमेजचं संरक्षण घ्यावं. मी सहसा जादा वॉरंटीच्या विरुद्ध असतो, इथे नाही.

बिल पक्कंच घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ७०,८०० रुपयांच्या मशीनमध्ये मूळ किंमत ६०,००० आणि कर १०,८००. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि मशीन धंद्यासाठी असेल, तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून हे १०,८०० क्रेडिट म्हणून घेता येतात. कंपोझिशन योजनेत असाल तर नाही. पण फक्त या क्रेडिटसाठी नोंदणी करायला धावू नका. दर महिन्याची-तिमाहीची रिटर्न्स मागे लागतात. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे ६०,००० वर पहिल्या वर्षी २४,०००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा. अंदाजी उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरणाऱ्याला हा घसारा वेगळा मिळत नाही. तुमचं काय बसतं ते तुमच्या सीएला विचारा.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दाखवतात. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्याकडून जाते. आणि रोख दिल्यावर वेगळी सूट मिळत होती का, हे विचारायला विसरू नका, कारण ती सुटली तर तोच खरा कॉस्ट. मुद्रा कर्ज काढणार असाल तर शिशु गटाची मर्यादा ५०,००० आहे, सत्तर हजारांचं मशीन त्यात बसत नाही, किशोर गटात जावं लागतं. मग नुसत्या लॅपटॉपचं कोटेशन न देता प्रिंटर, यूपीएस, फर्निचर असा धंद्याचा पूर्ण आराखडा द्या. बँकेलाही समजतं की माणूस धंदा करणार आहे.

बजेट पस्तीस-चाळीस हजारच असेल, तर नवा कमजोर टू-इन-वन घेण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांतून निघालेले रिफर्बिश्ड मॉडेल बघा. एचपीचा एलिटबुक एक्स३६०, डेलचा लॅटिट्यूड टू-इन-वन, लेनोवोचा थिंकपॅड योगा. यांच्या बिजागऱ्या दणकट असतात. मात्र विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असंच मशीन घ्या. इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा त्यानंतरची. बॅटरी किती उरली आहे हे दुकानातच तपासा.

ते असं तपासायचं. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला लागूनच बॅटरीरिपोर्ट लिहून एंटर मारा. एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. जुन्या मशीनमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर किंमत कमी करून मागा किंवा नवी बॅटरी घालून मागा.

नवीन मशीन घेतलं तरी हा रिपोर्ट पहिल्याच दिवशी काढा. डबा उघडतानाचा व्हिडिओ करा, खालच्या बाजूचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा, कंपनीच्या साईटवर वॉरंटी नोंदवा. ऑनलाईन घेतलं असेल तर बदलून मिळायची मुदत थोड्याच दिवसांची असते. त्यामुळे मशीन कपाटात न ठेवता त्याच आठवड्यात रोज दुपारी, तुमच्याच दुकानात, तुमच्याच टेबलावर पूर्ण काम करून घ्या. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा एकच वर्षाची असते. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवा, आणि अकराव्या महिन्यात तसाच दुसरा काढून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लावा. फरक फार असेल तर तक्रार नोंदवायला अजून महिना हातात असतो.